डॉक्टर बाईची ओटी

माझी लेक जलमली तवा तिचा डावा पाय आत वळलेला व्हता. तळवा वर, टाच आत, ओला कपडा पिळून ठिवल्यावानी. नर्सबाईनं दुपट्यात गुंडाळूनच हातात दिली, म्या पाय बघितला ते दुसऱ्या दिवशी, आन् बघितल्याबरूबर परत झाकला. मंग कुनी बघायला आलं की म्या आधी दुपटं खाली वडायची, मंग लेकरू दाखवायची. सातवी शिकलेली बाई म्या, मला पायातलं काय कळनार, पन येवढं कळलं की पोरीच्या जातीला आसा पाय म्हंजी सगळा जलम दुपट्यातच काढायचा.

सासूला आमी आत्या म्हन्तो. आत्यांनी पाय बघितला आन् भिताडाला टेकून खालीच बसल्या. "गिरान पाळलं न्हाईस तू," म्हनल्या. लेक पोटात व्हती, सूर्याला गिरान लागलं, तवा मला खोलीत उतानं निजवलं व्हतं, हात ताठ, पाय ताठ, काय चिरायचं न्हाय, कातरायचं न्हाय, पाय जवळ घ्यायचा न्हाय. म्या तशीच पडून व्हते. "दुमडला आसशील," आत्या म्हनल्या. न्हाय म्हनलं. "झोपंत दुमडला आसशील." आता झोपंतलं म्या काय सांगू. इतक्यांदा इचारलं की पुढं पुढं मलाच वाटाया लागलं, दुमडला आसल.

आमच्या गावच्या आशाताईनं सांगितलं, धाराशिवला एका मोठ्या दवाखान्यात दर बुधवारी आसले पाय प्लास्टर घालून सरळ करत्यात. दवाखान्याचं नाव घेत न्हाय, घिऊन काय करायचं. आमचे मालक दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर डायवर हायत, एक दिवस गेला की खाडा पडतो, तरी पहिल्या बुधवारी आले. आमच्या तालुक्याच्या वाशीवरनं यष्टीत बसलो, म्या लेकरू पदराखाली घेतलं, आन् सगळ्या वाटंनं एकच इचार, तिथं चारचौघात पाय उघडा करावा लागनार.

खोलीत टेबलापाशी एक बाई उभी व्हती. बारीक अंगाची, केस वर बांधलेले, हात कोपरापस्तोर चुन्यानं माखल्यावानी पांढरे. मालकांनी इचारलं, "सिस्टर, हाडाचे डॉक्टर कुठं हायत?"

"बोला की."

"तसं न्हाय. मोठे डॉक्टर."

"माझी उंची एवढीच आहे दादा," ती म्हनली. "पाय पण लहानच आहे ना, भागंल."

लाईनीतल्या बाया हसल्या. मालक न्हाय हसले. ते दारात जाऊन चौकटीला टेकून उभे ऱ्हायले, खरा डॉक्टर आला की धरायचा म्हनून. सगळं हुईस्तोर तिथंच उभे व्हते, कुनी आलं न्हाय.

येताना यष्टीत म्हनले, "बाईमानसाच्या हातात हाड बसवायचा जोर कुठनं येनार?" आमच्याकडं हाड बसवनारा म्हंजी गडी कसा, दोघांनी धरायचं, त्येनं गुडघा रवून वडायचं, आन् कड करून आवाज आला पायजे. आवाज आला की समदे म्हन्त्यात, बसलं. हिच्या कामात आवाजच न्हाय.

हिचं काम येगळंच. पहिल्यांदा म्हनली, "बाळाला पाजायला घ्या." म्या इकडंतिकडं बघितलं, तर तिनं पडदा वडला. "पोट भरत असलं की पाय ढिला सोडतं," म्हनली. मंग म्या पाजायची, लेक चोखायची, आन् ती पायाशी बसून पाऊल बोटात धरायची, आंगठा भाईरच्या अंगाला एका हाडाच्या टेंगळावर ठिवायची, आन् नुसती धरून बसायची. वडायचं न्हाय, मुरगाळायचं न्हाय. डोळे मिटलेले. इरजान लागायची वाट बघत बसावं तसं. मंग सावकास पाऊल जरासं भाईर यायचं, गव्हाच्या दान्याएवढं, की तिथंच धरून ओल्या पट्ट्या गुंडाळायची, पार मांडीपस्तोर. पुढच्या बुधवारी म्या ते प्लास्टर टबात कोमट पान्यात भिजवून सोडवायची, आन् ती आनखी दानाभर पुढं न्यायची.

लेक चुळबुळली की ती म्हनायची, "अळबेड, अळबेड." म्या इचारलं ही कंची भाषा. "माझं माहेर उमरग्याच्या अंगाला, घरात कानडी," म्हनली. "रडू नको असं सांगते तिला." पोरीला कळायचं का न्हाय ठावं न्हाय, पन गप व्हायची.

म्या पाजायली आन् ती माझ्या गुडघ्यापाशी वाकलेली, दोघींची डोकी जवळ, मंग बोलनं व्हायचंच. ती आजून शिकायलीच व्हती. डॉक्टर व्हती, पन हाडाची डॉक्टर व्हायला आनखी शिकावं लागतं म्हनं, आन् त्या दवाखान्यात शिकनाऱ्यात बाई ती येकटी. हाडाच्या ऑपरेशनला हातोडी आसती, करवत आसती, गिरमिट आसतं म्हनं. "बडे साहेब म्हणतात, हे सुतारकाम आहे, बाईनं बाळंतपणं करावीत," ती म्हनली.

"मंग तुमी काय म्हनला?"

"म्हटलं, रंध्याला कुठं मिशा असतात सर."

आसं म्हनून ती हसली न्हाय, आंगठा हालंल म्हनून. मंग सांगाया लागली, पहिल्या ऑपरेशनला साहेबांनी तिला एका पैलवानाचा मोडका पाय नुसता उचलून धरायला लावला, शेवटचा टाका पडंस्तोर, हात सुटतो का बघायला. लोखंडी स्टुलावर उभी ऱ्हाऊन तिनं धरला. "सुटला नाही. पण घरी गेल्यावर मला वेणी घालता येईना."

बुधवारचं हे पायाचं काम तिनं मागून घेतलं व्हतं. दुसऱ्या कुनाला त्यात गोडी न्हाय, म्हनून मिळालं.

येकदा तिनं मला नीट समजावलं, दोनदा सांगितलं, माझ्याकडनं वदवून घेतलं. पाऊल सगळं भाईर आलं तरी टाच वरच ऱ्हाती, कारन टाचंवरची जाड शीर आखडलेली आसती. तिला सुईच्या टोकाएवढा छेद द्यायचा, वर शेवटचं प्लास्टर, आन् मंग दांडी लावलेले बूट, झोपताना घालायचे. "हा छेद राहिला तर केलेलं सगळं परत आत जातं," म्हनली. "बाकी काही विसरा, हे विसरू नका."

म्या इसरले न्हाय.

पाऊल आर्ध्यावर आलं आसल तवाची गोष्ट. म्या टबात पट्टी सोडवायली, जुन्या पट्टीचा आंबूस वास सुटला, आन् बाईनं तोंड फिरवलं. टेबलाची कड धरून उभी ऱ्हायली, मंग कोटाच्या खिशातनं चिंचेची गोळी काढून तोंडात टाकली. म्या नुसतं बघितलं.

"कळलं का?" ती म्हनली.

"व्हय."

"साहेबांना कळू द्यायचं नाही."

"म्या कशाला सांगू. म्या त्यांच्या वाऱ्यालाबी उभी ऱ्हात न्हाय."

तवा तिनं सांगितलं. ऑपरेशनच्या खोलीत फोटो काढायची मशीन चालू ठिवून हाडं बसवत्यात, पोटातल्या लेकराला ते चांगलं न्हाय. साहेबाला कळलं की तिला त्या खोलीतनं काढनार, आन् येकदा काढलं की शिकनं मोडलं, मंग कोन परत आत घेतंय. मंग लेकराचं काय, म्या म्हनलं. "मशीन चालू व्हायच्या वक्ताला मी काहीतरी निमित्त काढून बाहेर येते. रोज नवीन निमित्त शोधावं लागतं." आन् परत पाऊल धरून डोळे मिटले. तिच्या बोटांकडं बघून मला येकदम भ्या वाटलं. मला वाटायचं भेनारी म्या येकटीच हाय. जिच्या हातात माझ्या लेकीचा पाय, ती माझ्यासारखीच भ्यालेली.

मालक चार बुधवार आले, मंग खाडे परवडंनात, तवा माझ्यासंगं आत्या याया लागल्या. येकलीला यष्टीत कशी सोडायची म्हनून. आत्या प्लास्टर बघायच्या, आतला पाय त्यांनी जलमल्यापास्नं बघितला नव्हता. येका बुधवारी त्या आत आल्या, म्या पट्टी सोडवली आन् टबातनं पाऊल वर आलं, पांढरं, सुरकुतलेलं, पन सरळ. आत्यांनी ते पदरानं पुसलं. इकडनं बघितलं, तिकडनं बघितलं, दुसऱ्या पावलाला जोडून बघितलं.

"पुढच्या बुधवारी टाचेचं करू," बाई म्हनली. "मग बूट."

"करा माय, करा," आत्या म्हनल्या. तिच्या पाठीवरनं हात फिरवला, आन् ती खोलीच्या त्या टोकाला गेली तवर तिच्या चालीकडं बघत बसल्या. भाईर आल्यावर मला म्हनल्या, "बाईला दिवस हायत."

न्हाय न्हाय, म्या म्हनलं, तसं काय न्हाय.

"मला शिकवतीस व्हय? टाच कशी टाकती बघ की. पहिलटकरीन हाय."

म्या हात जोडले. "आत्या, कुनाला बोलू नगा. तिची नोकरी जाईल."

"म्या कशाला बोलू कुनाला?" आत्या म्हनल्या, आन् खरंच, त्या आठवड्यात आमच्या आळीत कुनालाच बोलल्या न्हायत. म्या निवांत झाले.

पुढच्या बुधवारी यष्टीत आत्यांच्या मांडीवर पिशवी व्हती. हात लावू दिना. मला वाटलं भाकरी आसतील. मला पिशवीचं काय सुचतंय, माझं सगळं ध्यान टाचंत. छेद द्यायचा, लेक किती रडनार, रगात किती येनार, बूट कसे आसनार. लेक मांडीवर झोपलेली, प्लास्टरचा पाय यष्टीच्या दनक्यानं माझ्या बरगडीला लागायला, तरी ग्वाड वाटत व्हतं.

आमी लाईनीत बसलो. तवर बडे साहेब वार्डाकडनं आले, पाठीमागं शिकनारे सगळे, त्यात बाई. आत्या उठल्या. म्या पदर धरला त्यांचा, पन मांडीवर लेकरू, उठता यीना. आत्या सरळ वऱ्हांड्याच्या मधी जाऊन उभ्या ऱ्हायल्या आन् पिशवीतनं खन काढला, नारळ काढला, तांदळाची पुडी, हळदकुंकू.

"बाई, पदर धरा," म्हनल्या.

बाईच्या अंगात कुडता आन् वर पांढरा कोट. पदर कुठला. ती म्हनली, "आजी, नंतर."

"नंतर कशाला, आज दिवस चांगला हाय. कोटाचा धरा, चालतंय."

ओटीला न्हाय म्हनायचं नसतं. ती उमरग्याकडची शेतकऱ्याची लेक, तिलाबी ते ठावं. तिनं कोटाची दोन टोकं धरली. आत्यांनी कपाळाला हळदकुंकू लावलं, तांदूळ घातले, खन घातला, वर नारळ ठिवला.

"हे काय आहे?" साहेबांनी इचारलं.

"साहेब, पहिलटकरीन हाय," आत्या म्हनल्या, आन् त्यांचं तोंड कसं फुललेलं, म्या कधी तसं बघितलं नव्हतं. "माझ्या नातीचा पाय केलाय हिनं. पायाच्या बदल्यात काय द्यावं आमी गरिबांनी. ओटी भराया नको व्हय?"

साहेब बाईकडं बघाया लागले. मंग हसले. "अरे वा, अभिनंदन," म्हनले, लई मऊ बोलले. "आम्हाला सांगायचं तरी. मशीनपाशी उभं केलं असतं का मी तुम्हाला? उद्या काही झालं तर लोक मला धरतील."

"सर, पायाच्या प्लास्टरला मशीन लागत नाही."

"आधी माझ्या खोलीत या."

एक शिकनारा पोरगा दुसऱ्याला बारीक आवाजात म्हनला, "म्हणून दर वेळी बाहेर पळत होती," आन् दोघं हसले. बाई साहेबांच्या मागं गेली. ओटी भरलेली, खाली सांडता येत न्हाय, म्हनून दोन्ही हातांनी कोट धरून, वाकून, सावकास गेली. वळायच्या आधी येकदा माझ्याकडं बघितलं. म्या मान हालवली, न्हाय, म्या न्हाय सांगितलं. तिला ते दिसलं का न्हाय, ठावं न्हाय.

दिवस कलंस्तोर आमी लाईनीत बसलो. मंग शिपाई आला, "पायाचं आज बंद."

"बाई दमली आसल," आत्या म्हनल्या. "पहिले मैने आसंच आसतंय."

पुढच्या बुधवारी गेलो, बंद. त्याच्या पुढच्या बुधवारी म्या धाडस करून साहेबाच्या दारात उभी ऱ्हायले. काय बोलायचं ते यष्टीत पाठ केलं व्हतं, शीर, टाच, छेद, पन तोंडातनं निस्तं "पाय" येवढंच निघालं. साहेब वाईट बोलले न्हायत. "त्या मॅडम रजेवर गेल्या. टाचेचं ते त्यांचं होतं, मी त्यात पडत नाही. मोठी होऊ द्या, मग सोलापूरला नेऊन मोठं ऑपरेशन करा." बुधवारच्या खोलीत सलाईनची खोकी रचलेली व्हती. टब व्हता, त्यात खराटा उभा केलेला.

घरी मालकांना सांगितलं. "बाईचं काम आसंच," म्हनले. "आर्धं."

"तिनं न्हाय सोडलं. तिचं काढून घेतलं."

"मंग? आर्धंच झालं की न्हाय?"

आर्धंच झालं व्हतं.

प्लास्टर पायावर जुनं झालं, कडंला भुगा व्हाया लागला, आतनं वास सुटला, शेवटी म्या घरच्या घमेल्यात पानी घालून सोडवलं. पाऊल सरळ व्हतं. म्या दिवसभर बघत बसले. रोज बघितलं तर कळत न्हाय, पन आठवड्यानं बघितलं तर कळायचं, आंगठा जरा आत आला. मंग टाच वर सरकली. ती दानादाना भाईर आनायची, ते तसंच दानादाना आत गेलं. मालकांनी मंग परंड्याकडच्या एका हाड बसवनाऱ्याकडं नेलं. त्येनं तेल लावून वडलं, कड करून आवाज आला, लेक निळी पडली. मालक म्हनले, बसलं. घरी आल्यावर सुजलं, सूज गेल्यावर पाय तसाच.

लेक चालाया लागली ती पावलाच्या भाईरच्या कडंवर. तिथं आता घट्टा पडलाय. मातीत तिचं एक पाऊल पावलासारखं उमटतं आन् दुसरं करंजीवानी. पोरं तिला चप्पल काढून दाखव म्हन्त्यात.

मला परत दिवस गेल्यात. धाप लागती, चार पायऱ्या चढवत न्हाईत. परवा तपासायला कळंबला गेले, लेक संगं व्हती. स्टॅंडवर बाकड्यावर बसले तर शेजारी एक बाई, मांडीवर पोरगं, हातात बिस्किटाचा पुडा. तिनं खाली बघितलं, लेकीचा पाय बघितला, आन् मंग वर माझ्याकडं. तिनं आधी पाय वळखला.

"छेद नाही झाला," म्हनली.

म्या न्हाय म्हनलं. आन् पुढं मला दमच निघंना, म्या घाईघाईनं सांगाया लागले, बाई, तवा म्या न्हाय सांगितलं, सासूनं चालीवरनं वळखलं, म्या हात जोडले व्हते त्यांच्या. "जाऊ द्या हो," ती म्हनली. "ते पोट कितीक दिवस कोटात मावलं असतं?"

"परत गेला न्हाय का?"

"गेले होते, हा चार महिन्यांचा झाल्यावर. जागा दुसऱ्याला दिली होती. साहेब म्हणाले, आता लेकरू सांभाळा, कशाला दगदग." तिनं पोराचं तोंड पुसलं. "आता ह्यांच्या दवाखान्यात बसते. ताप, खोकला, जुलाब."

मंग तिनं पोरगं बाकड्यावर बसवलं, लेकीला मांडीवर घेतलं, चप्पल काढली आन् पाऊल हातात धरलं. आंगठा बराबर त्याच टेंगळावर. डोळे मिटले. यष्ट्या येयल्यात, जायल्यात, कंडक्टर वरडायलेत, आन् ही धरून बसलेली. माझा हात आपसूक पदराकडं गेला, लेकीला पाजायला. लेकीचं दूध तोडून वरीस झालं.

पाऊल हाललं न्हाय. लेक रडाया लागली. "अळबेड," ती म्हनली, पन लेकीला ते आता वळखीचं नव्हतं, ती जास्तच रडली. तिनं चप्पल घातली, पट्टा लावला.

"तुमी करा की," म्या म्हनलं. "तुमच्या दवाखान्यात."

"तिथं टेबल नाही, सामान नाही. आणि माझा हात..." तिनं हात बघितला. मंग म्हनली, "सोलापूरला न्या. अजून होतं. उशीर झालाय, पण होतं." तिची यष्टी लागली व्हती. पोराला कडंवर घेऊन उठली, माझ्या पोटाकडं बघितलं. "नीट जेवा," म्हनली, आन् गेली.

घरी आल्यावर आत्यांनी इचारलं काय म्हनला डॉक्टर, म्या सांगितलं बराय म्हनला. मंग सांगितलं, ती बाई भेटली व्हती, पायाची.

"काय झालं तिला?"

"पोरगा."

आत्यांच्या हातातलं सूप थांबलं. "मंग? माझी ओटी फुकट जाती व्हय," म्हनल्या, आन् लई दिसांनी हसल्या. मालक दारात टायरीच्या चपलंचा चिखल काढायलेले, त्यांच्याकडं बघून परत म्हनल्या, "ऐकलं का, पोरगा झाला बाईला." म्हातारं मानूस, मनापास्नं भरली व्हती.

"पायाचं काय म्हनली?" मालकांनी इचारलं.

"सोलापूरला न्या म्हनली. होतं आजून."

मालकांनी चिखल काढला, काडी फेकून दिली आन् हात धुवायला गेले. आत्या सूप घोळाया लागल्या. पाकडता पाकडता म्हनल्या, कॅलेंडरात बघून ठिवलंय, पुढच्या मैन्यात गिरान हाय, ह्या वक्ताला पाय हालवू नको.

लेक दुपारची झोपली की म्या तिचा पाय मांडीवर घेते. टेंगूळ मला सापडतं. आंगठा तिथं ठिवायचा आन् वडायचं न्हाय, येवढं मला येतं. धरून बसते. पुढचं मला येत न्हाय.